'दे ओनीस' हे शेपूट नव्हे: उत्तर स्पेनमधल्या सारख्या नावाच्या गावांबद्दल

स्पेनला जाणाऱ्या, विशेषतः सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थाच्या पदयात्रेची तयारी करणाऱ्या मंडळींमध्ये एक मजकूर वरचेवर फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: उत्तर स्पेनमध्ये एकाच नावाची गावं ढिगानं आहेत, कारण राजांनी एका मूळ गावाचं नाव पुढच्या गावांना चिकटवलं. नावामागचं 'दे अमुक' (जसं कांगास दे ओनीसमधलं 'दे ओनीस') शोभेचं असतं, वगळलं तरी बिघडत नाही. तसंही १९१६ साली सरकारनं सारखी नावं बदलून टाकली, आणि जी उरली ती एकमेकांच्या शेजारीच आहेत.

यातलं एकही विधान पूर्णपणे टिकत नाही. मजकूर विश्वासानं पुढे पाठवला जातो आणि त्यावर भरवसा ठेवून लोक खोल्या आणि बसची तिकिटं काढतात, म्हणून एकेक मुद्दा नीट बघू.

"मूळ गाव एक, बाकीच्या नकला"

व्हियाफ्रांका हे नाव घ्या. पदयात्रेच्या मुख्य वाटेवरच दोन व्हियाफ्रांका लागतात. बुर्गोसच्या अलीकडे, ओका डोंगराच्या पायथ्याशी व्हियाफ्रांका मोंतेस दे ओका, आणि वायव्य टोकाच्या गालिसिया प्रदेशात शिरण्याआधी व्हियाफ्रांका देल बिएर्सो. नाव्हारात नुसतं व्हियाफ्रांका नावाचं गाव आहे. बास्क प्रदेशातलं आजचं ओर्दिसिया हेही आधी व्हियाफ्रांकाच होतं. तेराव्या शतकात दहाव्या आल्फोन्सो राजाच्या काळात त्याला सनद मिळाली. यातलं कोणी कोणाची नक्कल केली? कोणीच नाही. करात सवलत मिळालेल्या वस्तीला किंवा पिरेनीज पर्वतापलीकडून आलेल्या 'फ्रँक' लोकांच्या वस्तीला हे नाव पडायचं. यात्रेकरूंच्या मागोमाग कारागीर, व्यापारी, साधू येत होते, त्यांनी इथेच राहावं म्हणून राजे सवलती देत होते. सारखी परिस्थिती ठिकठिकाणी होती, म्हणून सारखं नाव ठिकठिकाणी उगवलं. ओकाच्या व्हियाफ्रांकाजवळ तर त्याआधी आउका नावाचं धर्मपीठ होतं, ते अकराव्या शतकात बुर्गोसला हललं. इतका जुना भूतकाळ असलेल्या गावाला नक्कल कसं म्हणायचं?

उत्तर किनाऱ्यावरच्या आस्तुरियास प्रांतातल्या 'पोला' गावांचंही तेच. सिएरोची पोला, लेनाची पोला, लाव्हियानाची पोला, आयांदेची पोला, सोमिएदोची पोला. सनद घेऊन वसवलेलं मुख्य गाव ते पोला. सिएरोची सनद १२७० ची, तीही दहाव्या आल्फोन्सोची. त्या त्या तालुक्यातली माणसं नुसतं 'ला पोला' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं, कारण तोही तिथलाच असतो.

पण या दाव्याला सगळ्यात स्वच्छ उत्तर देतात ती दोन सांतो दोमिंगो. ला रियोहातलं सांतो दोमिंगो दे ला काल्सादा आणि बुर्गोस प्रांतातलं सांतो दोमिंगो दे सिलोस. पहिलं बुर्गोस शहराच्या पूर्वेला, दुसरं दक्षिणेला. एकाच संताची दोन गावं असतील असं वाटतं, आणि अनेक प्रवासवर्णनांत तसंच गृहीत धरलेलं दिसतं. प्रत्यक्षात ही दोन वेगळी माणसं आहेत. काल्सादाच्या दोमिंगोला मठात घेतलं नाही, म्हणून तो एकटा राहिला. त्यानं यात्रेकरूंसाठी जंगल तोडून वाट काढली, ओहा नदीवर पूल बांधला, धर्मशाळा उभारली, आणि ११०९ मध्ये तिथेच वारला. त्याच्या नावाच्या कॅथेड्रलमध्ये आजही जिवंत कोंबडा-कोंबडीची जोडी ठेवतात. सिलोसचा दोमिंगो ला रियोहातल्या कान्यास गावचा. तो सान मियानच्या मठात होता. नाव्हाराच्या गार्सिया राजाशी मठाच्या संपत्तीवरून त्याचं बिनसलं, तेव्हा तो कास्तियात आला, आणि तिथल्या फेर्नांदो राजानं त्याला मोडकळीला आलेला सिलोसचा मठ सोपवला. तो त्यानं पुन्हा उभा केला आणि १०७३ मध्ये त्याचं निधन झालं. एक रस्ता बांधणारा, दुसरा मठ सावरणारा.

यात तिसरा दोमिंगोही आहे. डोमिनिकन संघाचा संस्थापक दोमिंगो दे गुस्मान सिलोसच्या जवळच्याच कालेरुएगा गावात जन्मला, आणि परंपरा सांगते की त्याचं नाव सिलोसच्या संतावरून ठेवलं होतं. म्हणजे या भागात नावाचा वारसा खरोखर चालत आला, फक्त तो एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे आला. एका गावाचं नाव दुसऱ्याला चिकटवण्याचा प्रकार तो नव्हे. (गोंधळ इथेच संपत नाही. काल्सादाचा दोमिंगो ज्या व्हिलोरिया दे रियोहा गावी जन्मला, ते नावात रियोहा असूनही आज बुर्गोस प्रांतात आहे.)

आणखी एक उदाहरण कोरुन्याचं. गालिसियातल्या आ कोरुन्या बंदराचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तिथल्या रोमन दीपगृहामुळे. बुर्गोस प्रांतात कोरुन्या देल कोंदे नावाचं छोटंसं गाव आहे, त्याचं नाव जवळच्या क्लुनिया या रोमन शहरावरून घडत आलंय. बंदराशी त्याचा काही संबंध नाही. याच गावच्या किल्ल्यावरून १७९३ मध्ये दिएगो मारीन आगिलेरानं स्वतः बनवलेल्या पंखांच्या यंत्रावर उडी घेतली होती. गाव लहान असलं तरी त्याच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे, आणि 'नक्कल' म्हटलं की ते सगळं पुसलं जातं.

नाव जसंच्या तसं उचलून नेल्याची उदाहरणं आहेत, पण ती समुद्रापलीकडची. टेक्ससमधलं लारेडो १७५५ मध्ये वसलं आणि त्याचं नाव उत्तर स्पेनमधल्या कांताब्रियाच्या लारेदो बंदरावरून ठेवलं. तिथे मूळ आणि नक्कल असं म्हणता येतं. उत्तर स्पेनच्या आत हे मोजमाप लावणं चूक.

"मागचं 'दे अमुक' वगळलं तरी चालतं"

हा सल्ला चारांतला सगळ्यात घातक आहे, आणि तो पाळणाऱ्याला कांगासमध्ये फटका बसतो.

एकट्या आस्तुरियासमध्ये दोन मोठी कांगास आहेत. कांगास दे ओनीस पूर्वेकडे, पिकोस दे एउरोपा पर्वतांच्या तोंडाशी. पेलायो राजाची, म्हणजे आस्तुरियासच्या राज्याची पहिली राजधानी हीच मानतात. कोव्हादोंगाची गुहा इथून जवळ आहे, आणि सेया नदीवरच्या जुन्या पुलाखाली क्रूस लटकवलेला आहे. कांगास देल नार्सेआ नैऋत्येकडे. क्षेत्रफळानं तो आस्तुरियासमधला सगळ्यात मोठा तालुका. मुनिएयोसचं ओकवृक्षांचं जंगल याच भागात आहे आणि तिथे दिवसाला फक्त २० जणांना प्रवेश मिळतो. डोंगरउतारावर द्राक्षमळे आहेत, आणि १६ जुलैला कार्मेन मातेच्या सणाला 'देस्कार्गा' नावाची आतषबाजी होते, तिच्यासाठी दूरदूरची माणसं घरी परततात. दोन गावांच्या मध्ये ओव्हिएदो पडतं. एकातून दुसऱ्यात जायचं तर जवळजवळ पूर्ण आस्तुरियास ओलांडावं लागतं.

गोंधळात भर म्हणजे दोन्ही कांगासच्या परिसरात जुन्या मठात थाटलेलं सरकारी पारादोर हॉटेल आहे. ओनीसला सान पेद्रो दे व्हियानुएव्हाच्या मठात, नार्सेआला कोरियासच्या मठात. 'कांगासचं मठातलं पारादोर' एवढं लिहून ठेवणाऱ्याचं बुकिंग नेमकं कुठे झालं, हे त्यालाही सांगता येणार नाही. मुनिएयोसला निघालेला माणूस कोव्हादोंगाच्या दारात उतरला, तर तो दिवस गेलाच.

मागचं नाव शोभेचं असतं, तर ते बदलावं असं कोणाला वाटलं नसतं. कांगास देल नार्सेआ १९२७ पर्यंत कांगास दे तिनेओ होतं. शेजारच्या तिनेओ तालुक्याचं नाव काढून नदीचं नाव घेणं हा त्या गावानं जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता. दुसऱ्या टोकाला, पुढचा भाग सोडून नुसतं 'ओनीस' म्हणाल तरी फसाल, कारण ओनीस हा कांगास दे ओनीसला लागून असलेला स्वतंत्र तालुका आहे आणि त्याचं मुख्य गाव बेनिया. गामोनेउ चीज या दोन्ही तालुक्यांत बनतं, त्यामुळे चीजच्या शोधात निघालेल्यांना दोन्ही नावं पूर्ण माहीत असावी लागतात. तिसरं कांगास गालिसियात, पोंतेवेद्रा प्रांतात, व्हिगोच्या खाडीपलीकडे. तिथे व्हिगोहून बोटीनं जातात. सरकारी कागदावर ते नुसतं 'कांगास' आहे, म्हणजे मागचा भाग गाळून शोध घेणाऱ्याला आधी तेच सापडण्याची शक्यता.

पायी चालणाऱ्यांसाठी याहून महत्त्वाची जोडी पुएंते ला रेइनाची. नाव्हारातलं पुएंते ला रेइना आर्गा नदीवरच्या सुंदर मध्ययुगीन पुलासाठी प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या आसपास पदयात्रेची आरागोनकडून येणारी वाट मुख्य वाटेला मिळते. पण सोंपोर्त खिंडीतून आरागोनच्या वाटेनं येणाऱ्याला त्याआधी उएस्का प्रांतात, हाका शहर ओलांडल्यावर, पुएंते ला रेइना दे हाका लागतं, तेही आरागोन नदीवर. 'पुएंते ला रेइनाला भेटू' असं ठरवून दोघं वेगवेगळ्या पुलांवर थांबले, तर मध्ये कित्येक दिवसांची चाल असते. पिंपळगाव बसवंतला जायचं असताना आपण कधी नुसतं पिंपळगाव सांगून तिकीट मागत नाही. तीच सवय तिथे न्यावी.

"१९१६ साली सगळी नावं बदलली"

यात अर्धं तथ्य आहे. कोंदे दे रोमानोनेस पंतप्रधान असताना, २७ जून १९१६ च्या राजाज्ञेनं पाचशेहून अधिक पालिकांच्या नावांना वेगळेपणा देणारी जोड मिळाली. त्यामागे स्पेनच्या भूगोल संस्थेचं काम होतं. टपाल आणि तारा भलतीकडे जात होत्या, त्यामुळे गरजही खरी होती. पण ही आज्ञा पालिकांपुरती होती. पालिकांच्या पोटातल्या खेड्यांना ती लागू नव्हती, आणि उत्तरेत खेडी अगणित आहेत. पालिकांमध्येही सारखेपणा उरलाच. आस्तुरियासच्या खाणपट्ट्यात मिएरेस आहे आणि कातालोनियाच्या जिरोना प्रांतातही मिएरेस आहे, दोन्ही आजही मिएरेसच.

"उरली ती शेजारीच आहेत"

कांताब्रियात काबेसोन दे ला साल आणि काबेसोन दे लिएबाना एकाच प्रांतात आहेत हे खरं. पण १२ जून १८०८ ची काबेसोनची लढाई, जिच्यात फ्रेंचांनी स्पॅनिश फौजेला पिसुएर्गा नदीवरून मागे रेटलं, ती या दोन्हींपैकी कुठेच झाली नाही. ती व्हायादोलिदजवळच्या काबेसोन दे पिसुएर्गाला झाली. व्हियाव्हिसिओसाचंही असंच. पुढे सम्राट झालेला तरुण कार्लोस १५१७ मध्ये स्पेनच्या किनाऱ्याला लागला ते आस्तुरियासमधल्या व्हियाव्हिसिओसाजवळ, तासोनेसला. १७१० ची व्हियाव्हिसिओसाची लढाई ग्वादालाहारा प्रांतात झाली, आणि सहावा फेर्नांदो राजा १७५९ मध्ये वारला तो माद्रिदजवळच्या व्हियाव्हिसिओसा दे ओदोनला.

विमानानं जाणाऱ्यांनी कोर्व्हेरा ध्यानात ठेवावं. कोर्व्हेरा दे आस्तुरियास आव्हिलेसला लागून आहे, कोर्व्हेरा दे तोरान्सो कांताब्रियात आहे, आणि २०१९ मध्ये सुरू झालेला 'कोर्व्हेराचा विमानतळ' देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मुर्सियात. बास्क प्रदेशात तर एका अक्षराचा फरक पुरतो. एत्शेबारीला बिल्बाओची मेट्रो जाते, एत्शेबारिया त्याच प्रांतात पूर्वेकडे मार्किनाजवळच्या डोंगरात आहे आणि तिथे मेट्रो नाही.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर गावाच्या पूर्ण नावासोबत प्रांत आणि पिनकोड घालून पाठवा. कांगास दे ओनीस ३३५५०, कांगास देल नार्सेआ ३३८००, गालिसियातलं कांगास ३६९४०. पहिले दोन आकडे प्रांताचे असतात: ३३ आस्तुरियास, ३६ पोंतेवेद्रा. हॉटेलची पावती हाती आली की आधी तेच तपासा, आणि एकाच प्रांतातली दोन गावं असतील तर पुढचे तीन आकडेही.