खुलासा: ‘डोळे पिवळे नाहीत, म्हणजे लिव्हर ठणठणीत’ हे खरे नाही

“पंचविशीतल्या मुलाचे डोळे पिवळे नसतील, हात थरथरत नसतील, तर दारूने काही बिघडलेले नाही. बिघडले, तर एकदम बंद करायची,” असा मेसेज फिरतो आहे. मी वॉर्डात नर्स आहे. यातली दोन्ही वाक्ये चुकीची आहेत.

कावीळ बहुतेक वेळा फार उशिरा दिसते. लिव्हरमध्ये चरबी साठताना सहसा काहीच दुखत नाही, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर दारू थांबवली तर ती चरबी काही आठवड्यांत ओसरू शकते. दारू शरीराला बाधते आहे, याच्या काविळीआधीच्या खुणा साध्या असतात: ब्रश तोंडात घातला की कोरड्या उलट्या, पहाटे घामाने भिजून जाग, कमी वयात वाढलेले बीपी, आदल्या रात्रीचे काहीच न आठवणे. यांची कारणे दुसरीही असू शकतात, म्हणून अंदाज न बांधता तपासणी करावी. “त्याला चढतच नाही” हे तर लोक कौतुकाने सांगतात! शरीर दारूला सरावले, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे वाक्य मला जास्त धोकादायक वाटते. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवले, तर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. पुढे भ्रम होऊन जिवावरही बेतते. दारू सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.