‘छोट्या धंद्याला सेफ्टी परवडत नाही’ म्हणे!

पावसाळा आला की बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक पोस्ट फिरू लागते: ‘सेफ्टी-बिफ्टी हे मोठ्या कंपन्यांचे चोचले. छोट्या धंद्याला परवडत नाही, कायदाही लागत नाही. आमच्याकडे माणसं घरच्यासारखी, संकटात आपणहून धावून येतात.’ खाली नमस्कारांची रांग.

आधी परवडण्याचं बघू. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीने 26 फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली. असं पाणी ओसरलं की छोट्या कारखान्याच्या शेडमध्ये पहिली घाई मशीन सुरू करायची. भिजलेली मोटर वरून कोरडी दिसते, पण आतल्या वाइंडिंगमध्ये (तारांच्या गुंडाळीत) ओल असते आणि करंट मोटरच्या बॉडीत उतरतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या कारागिरातूनच मग तो जमिनीत जातो. उपाय काय, तर मेन स्विच बंद ठेवायचा, मोटर सुकवायची, वायरमनकडून मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून तपासून घ्यायची, लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवायची. याला सेफ्टी ऑफिसर लागत नाही. एक-दोन दिवसांचं काम बुडतं, हे मान्य. जनरेटर शटरच्या आत न लावता बाहेर लावायला तर तेही बुडत नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून तो कळायच्या आत माणूस आडवा होतो.

कायद्याचं थोडक्यात. कारखान्यांच्या कायद्याला कामगारसंख्येची अट आहे, खरं. पण कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व 1923 पासून कायद्यात आहे, आणि चार माणसांची शेड आहे म्हणून ते टळत नाही. दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा: पगाराच्या 3.25 टक्के मालकाचे, 0.75 टक्के कामगाराचे.

राहिलं ‘घरच्यासारखी’. कारागिराच्या खोलीत गुडघाभर पाणी, तरी तो तिसऱ्या दिवशी हजर. प्रेमाने, की दिवसाची मजुरी कापली जाईल म्हणून? पोस्ट हे विचारत नाही. घरच्या माणसाला ‘आज नाही जमणार’ म्हणता येतं. याला म्हणता येत नाही. (शेठचा मुलगा त्या दिवशी ओल्या बोर्डाजवळ सहसा दिसत नाही.) पायाला जखम असताना पुराच्या चिखलात उतरलं तर लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या जंतूंचा ताप) होऊ शकतो, तिथे गमबूट आणि ताप आल्यास लगेच डॉक्टर, एवढं तरी हवंच.

खरं तर लहान असण्याचा इथे फायदाच आहे. कोणाचं घर सखल भागात, कोणाच्या घरी म्हातारी आई, हे शेठला तोंडपाठ असतं. आदल्या संध्याकाळी पाच फोन करून ‘उद्या येऊ नकोस, मजुरी मिळेल’ म्हणायला त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.