पूल वाहून गेल्याचं कुणाला माहीत होतं?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक वाद उकरला जातो आणि माझा रविवार खातो. रस्त्यांची सरकारी माहिती, म्हणजे कुठला रस्ता कुठून जातो, किती रुंद आहे, कुठल्या पुलावरून किती वजन जाऊ शकतं, कुठे काम चालू आहे, ही खासगी नकाशा-कंपन्यांना द्यावी का? आणि द्यायचीच तर फुकट का? "जनतेच्या पैशातून मोजलेले रस्ते आणि नफा त्यांचा," असं आमचा एक मित्र लिहितो. तो सार्वजनिक बांधकाम खात्यात आहे, त्यामुळे त्याच्या शब्दाला ग्रुपवर वजन आहे. खाली अंगठ्यांची रांग लागते. मग मी इथून, नेदरलँड्समधल्या उत्रेख्तहून, काहीतरी लांबलचक लिहिते आणि कुणीतरी म्हणतं, "अगं, तुमच्याकडचं वेगळं."

या वेळी पुन्हा बरेलीचा दाखला निघाला. २४ नोव्हेंबर २०२४ ला उत्तर प्रदेशात बरेलीजवळ, फरीदपूर भागात, एक गाडी रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून खाली कोसळली. तिघं गेले. पुलाचा पुढचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता, नकाशात मात्र रस्ता सरळ पलीकडे जात होता. बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा दाखल झाला, गुगल मॅप्सच्या अधिकाऱ्याचीही चौकशी निघाली. ग्रुपचा निकाल एका ओळीत: अ‍ॅपने मारलं, आणि अशांना आपण फुकट डेटा देणार?

मला हा तर्कच कळत नाही. पूल गेला हे सगळ्यात आधी कुणाला माहीत होतं? ज्यांचा पूल त्यांना. ती माहिती कागदावर असेल, एखाद्या टेबलावर असेल, पण वाट शोधणाऱ्याच्या फोनवर नव्हती. कंपन्या उपग्रहाच्या चित्रांवरून आणि लोकांच्या फोनच्या हालचालींवरून बरंच ताडतात. रोज हजार गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर अचानक शुकशुकाट झाला तर त्यांच्या यंत्रणेला शंका येते. पण जिथे मुळात वर्दळच नाही, तिथे काय थांबलं म्हणून शंका येणार? असल्या आडवाटांवर सरकारी नोंद सोडली तर दुसरा आधार नसतो. आणि नेमकी तीच नोंद आपण तिजोरीत ठेवायची, का, तर तिच्यावर कुणी चार पैसे कमवेल म्हणून.

इथे माझं कामच वाहतुकीच्या माहितीचं आहे, त्यामुळे मी जरा जास्तच तावातावाने बोलते हे मान्य. राइक्सवाटरस्टाट, म्हणजे इथलं राष्ट्रीय रस्ते-जलमार्ग खातं, जो राष्ट्रीय रस्ता-संच ठेवतं त्यात देशाचे, प्रांतांचे, खेमेन्तेंचे (नगरपालिकांचे), वाटरस्खापांचे (पाणी-व्यवस्थापन मंडळांचे), नाव किंवा क्रमांक असलेले सगळे सार्वजनिक रस्ते आहेत. कुणीही उतरवून घ्यावा, विकावा, त्यावर गेम बनवावा. खेमेन्तेला रस्ता खोदायचा असला की ते काम मेल्विन नावाच्या नोंद-प्रणालीत चढवलं जातं, तिथून ते एनडीडब्ल्यू या वाहतूक-माहितीच्या सरकारी संस्थेच्या प्रवाहात येतं आणि तिथून ज्याला हवं त्याच्याकडे. टॉमटॉम ही नकाशा-कंपनीही त्यातलीच. टॉमटॉमच्या नफ्यावरून माझ्या ऑफिसात कधी कुणाचं जेवण बेचव झालेलं नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिताना मी दोन गोष्टी वगळते. एक म्हणजे इथलाही सविस्तर स्थलनकाशा १ जानेवारी २०१२ पासूनच खुला झाला, त्याआधी त्याला पैसे पडत. दुसरी म्हणजे ८ डिसेंबर २०२३ ला आम्सटरडॅमने बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा आणली, त्यानंतरही माझ्या गाडीचा पडदा काही गल्ल्यांत ५० दाखवत राहिला. निर्णय रीतसर प्रसिद्ध झाला होता, पाट्या लागल्या होत्या, तरी. पण हे ग्रुपवर लिहिलं असतं तर मित्राला आयतं कोलीत मिळालं असतं.

त्याऐवजी मी ब्रिटनची गोष्ट सांगते, कारण ती माझ्या बाजूने आहे. तिथे ऑर्डनन्स सर्व्हे ही सरकारी संस्था नकाशे विकून आपला खर्च भागवत असे. ऑटोमोबाइल असोसिएशनने आपले नकाशे त्यांच्यावरून उचलले, असा दावा झाला. पुरावा काय, तर सर्वेक्षकांनी आपल्या नकाशांत मुद्दाम पेरलेल्या बारीकसारीक खुणा. कुठे रस्त्याचं वळण, कुठे रुंदी. २००१ मध्ये दोन कोटी पौंडांवर तडजोड झाली. म्हणजे करदात्याच्या पैशातून रस्ते मोजायचे, मग चोर पकडायला त्यात खोट पेरायची, मग वकील लावायचे. माहिती विकायला बसलं की सरकारी खात्याची ताकद अशी राखणीत जाते. पुढे २०१० मध्ये त्यांनी बरेच नकाशे खुले केले, पण रस्त्यांचा सगळ्यात तपशीलवार माल अजून परवान्यामागेच आहे. अमेरिकेने हा घोळ घातलाच नाही. १९९० च्या जनगणनेसाठी त्यांनी देशभरातल्या रस्त्यांची टायगर नावाची फाइल केली, आणि केंद्र सरकारच्या कामावर तिथे कॉपीराइटच नसतो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरची अमेरिका आधी त्याच फाइलीतून भरली गेली. फाइल ओबडधोबड होती, रस्ते शेतांतून जात होते, ते लोकांनी वर्षानुवर्षं सरळ केले.

मित्राने या वेळी मात्र मला गाठलं. त्याने लिहिलं, "बाईसाहेब, तुमची भारताची बातमी जुनी झाली." आणि खरंच, त्याच्याकडे मुद्दे होते. २०१६ मध्ये आपल्याकडे ज्या विधेयकाचा मसुदा आला होता, त्यात विनापरवाना भौगोलिक माहितीसाठी १०० कोटी रुपयांपर्यंत दंड आणि ७ वर्षांपर्यंत कैद होती. ते विधेयक बारगळलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं आली आणि नकाशे करायला आधी परवानगी घ्यायची भानगड भारतीयांपुरती संपली. सरकारी पैशातून तयार झालेली माहिती, सुरक्षा यंत्रणांची गोपनीय वगळून, सर्व भारतीयांना सहज मिळावी, वापरावर बंधन नको, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेची माहिती सगळ्यांसाठी खुली झाली: ग्रामीण रस्ते, वस्त्या, ८ लाखांहून जास्त शाळा, दवाखाने, बाजार वगैरे ठिकाणं. तीही फुकट. मग धोरण तर माझ्याच बाजूचं आहे, मी विचारलं, तू भांडतोयस कुणाशी? त्याने हसरा चेहरा टाकला.

राग आला. इतक्या वर्षांत मी भारतावर बोलताना २०१६ चाच भारत वापरत होते, हे त्याने ओळखलं होतं. इथल्या पार्टीत कुणी डच माणूस भारताबद्दल तिरकं बोलला की मीच त्याला नव्या धोरणांची यादी ऐकवते. ग्रुपवर आले की त्या डच माणसाच्या जागी जाऊन बसते.

त्याहून टोचलं ते पुढचं. ती २०२१ ची तत्त्वं मी त्या रात्री मुळापासून वाचली. ‘भारतीय’ म्हणजे कोण, याची व्याख्या त्यात आहे: भारतीय नागरिक, सरकारी संस्था, निवासी भारतीयांच्या मालकीच्या कंपन्या वगैरे. ठरलेल्या उंबरठ्यापेक्षा बारीक माहिती, म्हणजे आडवी १ मीटर आणि उभी ३ मीटर याहून नेमकी, फक्त यांनीच तयार करायची आणि देशातच ठेवायची. परक्यांनी ती परवान्यावर, आणि तीही स्वतःच्या सर्व्हरवर न उतरवता वापरायची. माझ्याकडे आता डच पासपोर्ट आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं, कार्ड आहे. व्याख्येत मी बसत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाने २०१७ मध्ये नकाशे फुकट उतरवून घ्यायची सोय केली होती, तर त्याला आधार क्रमांक लागायचा. तोही माझ्याकडे नाही.

आणि मित्राचा पहिला मुद्दा, "जनतेच्या पैशातून", तोही माझ्याच अंगावर येतो. त्या रस्त्यांना माझा एक रुपया लागलेला नाही, माझा कर इथल्या ए२ महामार्गाच्या डांबरात जातो. मी ज्या ‘आपल्या’ माहितीवर हक्क सांगत होते, ती हिशेबाने त्याची आहे. मी हे त्याला कळवलं नाही. त्याऐवजी जिओसडकच्या, म्हणजे ग्राम सडक योजनेच्या त्या खुल्या संचाच्या, फाइली उतरवल्या आणि लहानपणी ज्यांवरून एसटी जायची ते रस्ते शोधत बसले. दोन सापडले नाहीत. नावं विसरले होते की रस्तेच आता दुसऱ्या योजनेत गेले, ते उलगडलं नाही. ही माहिती उतरवताना मला कुणी नागरिकत्व विचारलं नाही, याचं मात्र बरं वाटलं, आणि खुल्या माहितीच्या बाजूने मी इतकी का भांडते हे थोडं माझंच मला कळलं.

तरीही माझं म्हणणं बदललेलं नाही. २०२२ मध्ये एकदा खुला केलेला संच हा त्या दिवसाचा फोटो. पूल त्यानंतर वाहून जातात. कंपन्यांकडून शुल्क घ्यायचंच असेल तर ते मूळ नोंदीचं घेऊ नका. अमुक मिनिटांत, अखंड, हमीने माहिती पोचवण्याचं घ्या, ते देणारे देतील. आणि रस्ता किंवा पूल बंद करायचा आदेश निघाला की त्याच दिवशी तो अक्षांश-रेखांशासकट, यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात, सगळ्यांसाठी फुकट जायला हवा. कंपनीलाही, पोलिसांनाही, रुग्णवाहिकेलाही. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आणि वर्तमानपत्राच्या जाहिरातीत तो असून नसल्यासारखाच.

हे लिहिल्यावर मित्राने पहिल्यांदाच सरळ उत्तर दिलं. "हे चढवणार कोण? माझ्याकडे दोन तालुक्यांना एक कनिष्ठ अभियंता आहे. पूर आला की तो पुलावर असतो, कॉम्प्युटरवर नाही." मग बराच वेळ ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. नंतर एकाने सुप्रभातचं चित्र टाकलं. मी मित्राला वेगळा मेसेज केला की हाच मुद्दा आहे, नफा कुणाचा हा नाही. त्या अभियंत्याच्या शेजारी नोंदी करायला आणखी एक माणूस बसवायचा, तर ते पद मंजूर कोण करतं, प्रस्ताव कुठे जातो? त्याने लिहिलं, मंत्रालयात. आणि असा प्रस्ताव कुणी पाठवलाय का? नाही, कुणी मागितलाच नाही.