घणसोलीच्या काकांना उत्तर: झरा मी विसरलो होतो

काका, नमस्कार. (काका म्हणतोय, कारण वय ७१ तुम्हीच लिहिलंत.)

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की आपल्याकडच्या मुरमातून दूषित पाण्याला ६० मीटर सरकायला चारेक वर्षं लागतील. त्यावर तुम्ही लिहिलंत: "शेजारच्या आवारात जूनमध्ये ड्रम आले, ऑगस्टमध्ये माझ्या विहिरीला थिनरचा वास. तुमचं मॉडेल म्हणजे संगणकावरची भातुकली. गुंडाळून ठेवा आणि पाणी तपासून घ्या."

चूक माझी आहे, आणि ती नेमकी कुठे झाली ते सांगतो. मी धरलेली पारगम्यता (जमीन पाणी किती सहज जाऊ देते त्याचं माप) दिवसाला १ मीटर, पाण्याच्या पातळीचा उतार शंभराला एक. म्हणजे डार्सीच्या नियमाने (पारगम्यता गुणिले उतार) प्रवाह दिवसाला १ सेंटिमीटर. पण हा आकडा जमिनीच्या पूर्ण छेदावर, म्हणजे दगड-माती धरून, पसरलेला असतो, पाणी मात्र फक्त पोकळीतून जातं. मुरमात पोकळी २५ टक्के धरली तर खरा वेग ४ सेंटिमीटर, म्हणून दीड हजार दिवस. बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या कातळाच्या, फटीत वाहती पोकळी १ टक्काच धरा. प्रवाह तेवढाच राहिला तरी वेग दिवसाला १ मीटर. ६० मीटरला ६० दिवस. जून ते ऑगस्ट!

डार्सीने १८५६ साली हा नियम मांडला तो वाळू भरलेल्या नळीवरच्या प्रयोगांतून. आपण राहतो कातळावर. गेल्या जुलैत एका विहिरीत डोकावलो होतो. वरचा मुरूम नुसता ओलसर, आणि खाली काळ्या दगडाच्या फटीतून करंगळीएवढी धार. विहीर झऱ्याने भरते हे खणणाऱ्याला सांगावं लागत नाही, मी मात्र अख्खी जमीन चाळणीसारखी धरून बसलो. शिवाय थिनरमधली द्रव्यं मातीतल्या सेंद्रिय अंशाला चिकटून मागे रेंगाळतात. फटीत चिकटायला फारसं काही नसतंच.

पण "गुंडाळून ठेवा" हे नाही पटलं. बाटलीतला नमुना आज, या विहिरीत काय आहे ते सांगेल. तो कुठून आला आणि पुढे कोणाच्या विहिरीला लागणार, हे नाही सांगणार. आणि वास गेला म्हणून निर्धास्त होऊ नका. फटीतून जाताना थोडं द्रव्य दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं आणि फटीतलं पाणी स्वच्छ झालं की तेच हळूहळू परत बाहेर झिरपतं. हा उलटा प्रवास वर्षानुवर्षं चालू शकतो. नमुना तर घ्याच, काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून. वर हवा राहिली तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत काही माल उडून गेलेला असतो.

आणि प्यायला ते पाणी आत्ता नकोच. उकळूनही नको.

वाहण्याची दिशा कळायला तीन विहिरींची पातळी लागते, एका रेषेत नसलेल्या. तुमची आणि देवळामागची मला माहीत आहे, तिसरी तुम्हीच सुचवा. खाडी जवळ असल्यामुळे भरती-ओहोटीने पातळी हलू शकते, तेव्हा तिन्ही एकाच वेळी मोजायच्या. रविवारी सकाळी मी मीटर आणि टेप घेऊन येतो. शनिवारी रात्री टाकी भरून ठेवा आणि तिन्ही विहिरींच्या मोटरी बंद करायला सांगा.