डिसोटोला घरच्यांनीच मारलं

परवा ३० नोव्हेंबर होऊन गेला. १९६० साली याच तारखेला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने डिसोटो ही आपली गाडी बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षाची नवी मॉडेलं शोरूममध्ये लागून तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. दरवर्षी या तारखेला लिहावंसं वाटतं आणि राहून जातं. या वेळी लिहितोच, कारण जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनात मला कुणीतरी ठामपणे सांगितलं, "डिसोटो ना? ती मंदीत मेली." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. १९५८ ची मंदी आली होती, हे खरं. पण जनरल मोटर्सच्या पॉन्टियाकलाही तीच मंदी होती, ब्यूकलाही होती, ओल्ड्समोबिललाही होती. त्या तिघी उठून चालायला लागल्या. डिसोटो उठू शकली नाही, कारण तिची जागा तिच्याच घरच्यांनी बळकावली होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते इथे अक्षरशः घडलं.

माझे आजोबा कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फिटर होते. ते डिसोटोला 'दातवाली' म्हणायचे. त्यामुळे ही गाडी माझ्यासाठी कधी परकी नव्हतीच. कुर्ल्याकडे शेवटी येतो. आधी डेट्रॉइट, अमेरिकेतलं मोटारींचं शहर.

वॉल्टर क्रायस्लर हा रेल्वेच्या वर्कशॉपमधून वर आलेला माणूस. १९२५ मध्ये त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. पुढे जनरल मोटर्सला टक्कर द्यायची तर एका गाडीवर भागणार नव्हतं. जनरल मोटर्सने किमतींचा जिना बांधला होता: तळाला शेवरोले, मग पॉन्टियाक, ओल्ड्समोबिल, ब्यूक आणि सगळ्यात वर कॅडिलॅक. नोकरीत बढती मिळाली की माणसाने एक पायरी चढायची, पण कंपनी बदलायची नाही. क्रायस्लरला तसाच जिना हवा होता. म्हणून १९२८ मध्ये त्याने खालच्या पायरीसाठी प्लिमथ आणली आणि मधल्या पायरीसाठी डिसोटो. नाव घेतलं सोळाव्या शतकातल्या हर्नांडो डी सोटो या स्पॅनिश मोहीमकर्त्याचं.

आणि त्याच उन्हाळ्यात त्याने डॉज कंपनीही विकत घेतली.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं दुखणं इथे सुरू होतं. डॉज त्या वेळी बँकर मंडळींच्या हातात होती आणि सौद्याची घासाघीस चालू होती. 'तुम्ही विकत नसाल तर त्या किमतीची गाडी मी स्वतः काढतो' हे त्यांना दाखवायला डिसोटो पुढे केली गेली, असंही सांगतात. ते असो. सौदा झाला, डॉज घरात आली आणि डिसोटोही आली. एकाच किमतीच्या आसपास दोन गाड्या, एकाच मालकाच्या. डॉजकडे नाव, कारखाना आणि देशभर पसरलेले डीलर होते. डिसोटोला सख्खी म्हणून वाढायचं होतं, पण मोठ्या सावत्र बहिणीच्या ताटातलं उरेल त्यावर.

तरी ती वाढली! पहिलं मॉडेल ८४५ डॉलरपासून मिळायचं. पहिल्या बारा महिन्यांत ८१,०६५ गाड्या गेल्या. नव्या ब्रँडच्या पहिल्या वर्षाचा हा विक्रम पुढे जवळजवळ तीस वर्षं मोडला नाही. लोकांना ती हवी होती. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण बंद पडलेल्या वस्तूबद्दल नंतर बोलताना ती मुळात नकोशीच होती असं आपण धरून चालतो.

१९३३ मध्ये कंपनीने पायऱ्या बदलल्या. डिसोटो डॉजच्या वर गेली, क्रायस्लर याच नावाच्या गाडीच्या खाली. पाठोपाठ १९३४ मध्ये एअरफ्लो आली. क्रायस्लरचा इंजिनिअर कार्ल ब्रीअर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या करून काढलेली ही गाडी. इंजिन पुढे सरकवून पुढच्या आसावर आणलं, त्यामुळे मागची सीट मागच्या चाकांवरून पुढे आली आणि बसणाऱ्याचे हादरे कमी झाले. आज आपण गाडीत जिथे बसतो, तिथे माणसाला बसवण्याचा विचार त्या गाडीत होता. लोकांना मात्र तिचा उतरता गोल चेहरा रुचला नाही. धाडस फसू शकतं, त्यात काही वावगं नाही. वावगं पुढचं आहे: त्या वर्षी क्रायस्लरने स्वतःच्या नावाखाली एअरफ्लोच्या जोडीला जुन्या वळणाच्या गाड्याही विकायला ठेवल्या. डिसोटोला फक्त एअरफ्लो दिली. प्रयोग दोघींच्या अंगावर केला, पण कमरेला दोर बांधून पाण्यात उतरवलं एकीला आणि दुसरीला तसंच ढकललं. डॉज आणि प्लिमथ तर काठावरच होत्या. डिसोटोची विक्री त्या वर्षी कोसळली, आणि पुढच्या वर्षी तिच्यासाठीही साधी गाडी काढावी लागली.

यातूनही ती सावरली. तिच्या चांगल्या दिवसांबद्दल लिहिताना मला हात आवरावा लागतो. न्यू यॉर्कच्या टॅक्सीवाल्यांची ती लाडकी होती. त्यांच्यासाठी खास लांब बांधणीच्या टॅक्सी असायच्या, मागे घडीच्या जादा सीट आणि छताला उघडणारी खिडकी, म्हणजे पाहुण्याला मान वर करून उंच इमारती बघता याव्यात. १९४२ च्या मॉडेलचे हेडलाइट दिवसा झाकणामागे लपायचे. १९५० च्या गाडीच्या बॉनेटवर डी सोटोचा शिरस्त्राण घातलेला पारदर्शक मुखवटा होता आणि रात्री तो आतून उजळायचा. मग १९५२ मध्ये फायरडोम आली, हेमी व्ही-८, म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्षांचं आठ सिलिंडरचं इंजिन, १६० हॉर्सपॉवर. मधल्या किमतीच्या गाडीत ही ताकद मिळणं ही त्या काळी चैन होती.

१९५५ पासून व्हर्जिल एक्सनरच्या डिझाइनने तर तिचं रूपच पालटलं. १९५७ ची फायरफ्लाइट ज्यांनी फोटोत तरी पाहिली असेल, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मागे उंच उडालेले पंख, त्यात एकावर एक तीन गोल दिवे. गिअरला दांडा नाही, स्टिअरिंगच्या डाव्या हाताला बटणं. त्या वर्षी एक लाखाच्या वर डिसोटो बनल्या.

आणि लगेच पुढच्या वर्षी पन्नास हजारांच्या आसपास. निम्म्याहूनही कमी.

मंदीवाले इथेच बोट ठेवतात. १९५८ ची मंदी मधल्या किमतीच्या सगळ्याच गाड्यांवर आली, फोर्डने तर नेमक्या त्या तोंडावर एडसेल ही नवी गाडी आणून हात पोळून घेतले. मला त्याच्याबरोबर दोन गोष्टी दिसतात. पहिली, १९५७ च्या गाड्या घाईने बाजारात आणल्या होत्या. पाणी गळायचं, पत्रा गंजायचा, नव्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन हादरे झेलणाऱ्या पोलादी दांड्या, तुटायच्या. ज्याने पदरचे पैसे मोडून पायरी चढायची हिंमत केली, त्याला पहिल्याच पावसात पाय ठेवायच्या जागी पाणी सापडलं. असा माणूस परत येत नाही. शिवाय तो गल्लीत चार जणांना सांगतो.

दुसरी गोष्ट अधिक वाईट. तोवर जिन्याला पायऱ्याच उरल्या नव्हत्या. डॉजच्या महाग गाड्या डिसोटोच्या किमतीला येऊन भिडल्या होत्या. वरून क्रायस्लरची विंडसर खाली उतरत होती. मग डिसोटोनेही खाली हात घातला, फायरस्वीप काढली, जी जवळपास डॉजच होती. डीलर तरी काय करणार? ज्या दुकानात डिसोटो विकायची त्याच दुकानात प्लिमथही होती, आणि प्लिमथ सहज खपायची. शेवटी १९६१ साठी क्रायस्लरने न्यूपोर्ट आणली, किंमत २,९६४ डॉलर. डिसोटोपेक्षा कमी! वरच्या पायरीवरची गाडी खालच्या पायरीपेक्षा स्वस्त. मग डिसोटो घ्यायची कुणी आणि कशासाठी? तेवढ्याच पैशात, किंबहुना थोडे वाचवून, दारात क्रायस्लर उभी राहत होती. या एका आकड्यापुढे मला मंदीचं कारण फिकं वाटतं.

१९६१ ची डिसोटो पाहवत नाही. तिला फायरफ्लाइट नाही, अॅडव्हेंचरर नाही, मॉडेलचं असं नावच नव्हतं. नुसती 'डिसोटो'. ३,०३४ गाड्या झाल्या आणि काम थांबलं. बत्तीस वर्षांत वीस लाखांवर गाड्या बनवणाऱ्या ब्रँडचा हा शेवट.

पॉन्टियाकचं मघाशी म्हणालो. तिनेही मंदीत मार खाल्ला होता. पण १९५९ मध्ये जनरल मोटर्सने तिची चाकं रुंद अंतरावर नेली, तरुण पोरांची गाडी अशी तिची ओळख केली आणि शेजारच्या पायऱ्यांना तिच्यात घुसू दिलं नाही. काही वर्षांत ती अमेरिकेत विक्रीत तिसरी होती. पुढे १९८० च्या दशकात त्याच जनरल मोटर्सने एकच गाडी तोंडाला चार वेगळ्या जाळ्या लावून चार नावांनी विकायला घेतली, आणि ओल्ड्समोबिल २००४ मध्ये गेली, पॉन्टियाक २०१० मध्ये. फोर्डची मर्क्युरीही त्याच सुमाराला संपली. प्लिमथ त्याआधीच, २००१ मध्ये. डिसोटोचं मरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं, तरी कुणी शिकलं नाही, याचा मला खरोखर राग येतो.

आता कुर्ला. सोलापूरचे वालचंद हिराचंद १९३९ मध्ये मोटार कारखान्यासाठी अमेरिकेला गेले आणि क्रायस्लरशी त्यांचं जमलं. (त्याच प्रवासातून परतताना विमानात विल्यम पॉली हा अमेरिकन विमान-व्यावसायिक भेटला आणि त्यातून बंगळुरूचा विमान कारखाना उभा राहिला. एका फेरीत दोन उद्योग!) १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. फियाट नंतरची.

परदेशी बाजारांसाठी क्रायस्लरची एक सोपी युक्ती होती. प्लिमथचीच बॉडी घ्यायची, पुढे डिसोटोची दातेरी जाळी लावायची आणि नाव द्यायचं डिप्लोमॅट. त्या जाळीतला एक दात आज माझ्या टेबलावर आहे. वीतभर नाही, पण वजन असं की हातात घेतल्यावर माणूस एकदा खाली बघतोच. पुढून फुगीर आणि आरशासारखा, फक्त एका कडेला क्रोम उडून पिवळट धातू दिसतो. मागून पोकळ, आत बोल्टची जागा. प्रत्येक दात सुटा असायचा आणि मागून एकेक करून आवळावा लागायचा. एक जरी तिरका बसला तरी अख्खी गाडी वेडावून दाखवतेय असं वाटायचं, असं आजोबा सांगायचे. पुढे कॅलिफोर्नियातले हौशी कारागीर भंगारातल्या डिसोटोचे हे दात काढून चक्क मर्क्युरीला लावत, इतके ते देखणे होते.

मी शाळेत असताना एकदा आजोबांना विचारलं होतं, प्लिमथ आणि डिसोटोमध्ये फरक काय? ते तेव्हा ओट्यावर बसून सायकलची चेन साफ करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दात," म्हणाले. "आणि ते मी बसवायचो."