मूर्खहस्ते न दातव्यम्

आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहून ठेवत. मला तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस, असं त्यात खुद्द पुस्तकच विनवतं. चर्चच्या ग्रंथालयातल्या ग्रंथपालबाईंना हा श्लोक ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं, तेव्हा त्या शेवटच्या कलमाचीच छाननी करत होत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मला बघायची होती तेराव्या शतकातली एक लॅटिन स्तोत्रसंहिता. अर्जासोबत ओळखपत्र, शिफारसपत्र आणि हस्तलिखित बघण्याचं कारण. इतकी चौकशी लग्न जमवतानाही होत नाही. कारणाच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे ‘कुतूहल’ असं लिहिलं. अर्ज परत आला. मग ‘समासांतील लेखनिकांच्या नोंदींचा अभ्यास’ असं लिहिलं, तर लगेच मंजूर! कुतूहलाला जगात किंमत नाही. अभ्यासाला निदान लॉकरची किल्ली तरी मिळते.

त्या लॉकरमध्ये पिशवी, कोट, पाण्याची बाटली आणि पेन जमा झालं. पेन विशेष तत्परतेने काढून घेतलं, कारण चर्मपत्रावर शाईचा ठिपका पडला तर तो कायमचा. हाती पेन्सिल आली. सिनेमातले संशोधक घालतात तसे पांढरे हातमोजे मिळतील अशी आशा होती, तीही मावळली. कापडात बोटांची जाण बोथट होते आणि पान फाटतं, म्हणून बहुतेक ठिकाणी आता हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून यायला सांगतात. मी धुतले. बाईंनी पुन्हा धुवायला पाठवलं.

ग्रंथ आला. त्याला टेकायला दोन्ही बाजूंनी मऊ फोमच्या उश्या. पान उलटू नये म्हणून वर ठेवायला शिशाचे मणी भरलेली कापडी नळी. मला लाकडी खुर्ची. आठशे वर्षं जगल्यावर माझीही अशी बडदास्त ठेवतील, एवढाच काय तो दिलासा.

राग आला होता, पण वाचकजातीचा पूर्वेतिहास आठवला आणि तो गिळला. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरिनचा मठ आहे. तिथे चौथ्या शतकातलं ग्रीक बायबल होतं, कोडेक्स सिनायटिकस. टिशेनडॉर्फ नावाचे जर्मन विद्वान १८४४ मध्ये आले आणि त्याची ४३ पानं घेऊन गेले. ही पानं जाळायच्या टोपलीत पडली होती, असं त्यांचं म्हणणं. मठाला ते मुळीच मान्य नाही. १८५९ मध्ये ते पुन्हा आले. या खेपेला मोठा भाग नेला आणि मागताक्षणी सुखरूप परत करू, अशी सही केलेली पावती दिली. ग्रंथ गेला रशियाच्या झारकडे. १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने तो ब्रिटिश म्युझियमला एक लाख पौंडांना विकला. पावती मठाने अजून जपून ठेवली आहे. उसनं पुस्तक परत न आल्याचं दुःख आपल्यालाही आहे, पण आपलं पुस्तक नेणारा निदान झारला तरी देत नाही.

इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये तर पुस्तकं आजही साखळीने कपाटाला बांधलेली आहेत. हे आधी मला अघोरी वाटायचं. आता व्यवहारी वाटतं.

आणि शत्रू काय फक्त दोन पायांचेच? नेदरलँड्समधल्या डेव्हेंटरमध्ये १४२० च्या सुमारास एका लेखनिकाने वही रात्री उघडी ठेवली. मांजराने पानावर कार्यभाग उरकला. सकाळी त्या सज्जनाने पानाची उरलेली जागा कोरी सोडली, तिथे डागाकडे बोट दाखवणारे हात आणि एक मांजर काढलं, मांजराला लॅटिनमध्ये यथेच्छ शिव्याशाप दिले आणि रात्री पुस्तकं उघडी ठेवू नका, असा इशाराही देऊन ठेवला. शिव्या सहाशे वर्षं टिकल्या! माझ्या समासातल्या नोंदींच्या अभ्यासाला याहून भक्कम आधार नको.

दुसरे लेखनिक आणखी स्पष्टवक्ते. लिहितात तीन बोटं, पण शिणतं सगळं अंग, ही तक्रार मध्ययुगात ठिकठिकाणच्या हस्तलिखितांतून आढळते. कंबर, डोळे, थंडी, सगळ्यांचा उद्धार. पुस्तक संपल्याचा आनंद मात्र बंदरात शिरणाऱ्या खलाशासारखा.

एवढं सगळं माहीत होतं. समोरचं पान मात्र वाचता येत नव्हतं. चर्मपत्र महाग, म्हणून अर्धे शब्द तोडलेले आणि त्यांच्या डोक्यावर आडवी रेघ दिलेली. अक्षरं इतकी उभी आणि एकसारखी की कुठे ‘एम’ संपतो आणि कुठे ‘आय’ सुरू होतो, ते देव जाणे. त्याच्यासाठीच तर लिहिलं होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणून मी विद्वानाला शोभेल इतक्या अंतराने पानं उलटत राहिले, मध्येच पेन्सिलीने वहीत काहीतरी खरडलं आणि एकदा हलकेच ‘हं’ असंही म्हटलं.

त्या ‘हं’ने घात केला. बाई उठून जवळ आल्या, एका ओळीच्या शेजारी बोट अधांतरी धरलं आणि कुजबुजल्या, “इथे एक शब्द दोनदा आलाय. मला कधी उलगडलं नाही. तुमचा काय अंदाज?”

मी ओळीकडे पुरेसा वेळ रोखून पाहिलं.

“दमला असेल बिचारा,” मी म्हटलं.

बाईंनी गंभीरपणे मान हलवली आणि आपल्या वहीत ते टिपून घेतलं.