नोंदवहीतला ख्रिस्ती आणि ख्रिस्ताचा शिष्य

धर्मांतराच्या कायद्यावरून महाराष्ट्रात चालणारा वाद मी स्टुटगार्टमध्ये बसून वाचतो, तेव्हा दोन्ही बाजू एकाच प्रश्नावर अडून बसलेल्या दिसतात: बाप्तिस्मा कोणी घेतला आणि कशाच्या मोबदल्यात? आमिषाने किंवा धाकाने घडवलेले धर्मांतर निषेधार्हच आहे. पण बाप्तिस्म्यानंतर माणूस जगतो कसा, हे कोणी विचारत नाही. आणि पोर्तुगीज काळापासून पिढीजात ख्रिस्ती असलेल्या आम्हा ठाण्याच्या ईस्ट इंडियनांना तर हा प्रश्न आपल्याला लागू आहे असेही वाटत नाही.

जर्मनीत ख्रिस्ती असणे पगाराच्या चिठ्ठीवर छापून येते. नाव नोंदवताना 'कॅथलिक' लिहिले की आयकराच्या आठ टक्के, बहुतेक राज्यांत नऊ टक्के, चर्चकर कापला जातो. सरकारी कचेरीत जाऊन नाव काढता येते. मात्र तसे करणाऱ्याला चर्चचे धार्मिक संस्कार मिळणार नाहीत, असा फतवा इथल्या बिशपांनी २०१२ मध्ये काढला. (फतवा हा शब्द त्यांना आवडणार नाही.) या करातून बालवाड्या चालतात, म्हणून मी तो विनातक्रार भरतो, पण त्यालाच अनुयायित्वाची किंमत समजणे मला जमत नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात मोठा जमाव मागून येत असताना येशू वळून म्हणतो की, जो आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे येत नाही, त्याला माझा शिष्य होता येणार नाही. आणि बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असेही सांगतो. संख्या वाढवण्याची आयती संधी असताना तो गर्दी पांगेल असे बोलतो. संख्येच्या धास्तीने आणि संख्येच्या अभिमानाने बोलणाऱ्या दोघांनीही हे वाचायला हवे.

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तशिष्यांचा मेळा उभारला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही शिष्यांसाठी. बाप्तिस्मा इतका दुय्यम मानणे मला पटत नाही, कारण चर्चच्या मंडळीवाचून शिष्य एकटा पडतो. तरीही मासुंदा तलावाजवळच्या चर्चमधली मराठी मिस्सा आटोपल्यावर परक्या आजाऱ्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलात डबा घेऊन जाणारी आमची मावशी आणि तिच्याबरोबर जाणारी तिची हिंदू शेजारीण या दोघींत शिष्या कोण, असे कोणी विचारले, तर केवळ नोंदवही पाहून मी उत्तर देणार नाही.